ऐकणाऱ्याची नोंद

१९२१ च्या ऑगस्ट महिन्यात, मुंबई इलाख्याचे सरकार नेहमीच्या वहिवाटीप्रमाणे पावसाळ्यापुरते पुण्यास मुक्कामाला गेले असता, गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या इच्छेवरून ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने टपाल व तार खात्याच्या साहाय्याने मुंबईतील आपल्या कचेरीतून गायनवादनाचा एक खास कार्यक्रम बिनतारी यंत्राने प्रक्षेपित केला, आणि तो घाट ओलांडून पुण्यात बसलेल्या लाटसाहेबांच्या कानी पडला. हिंदुस्थानातील नभोवाणीच्या इतिहासाचा आरंभ सांगताना हा प्रसंग बहुधा सांगितला जातो. परंतु तो सांगताना सहसा कोणी बोलून दाखवीत नाही ते हे की, त्या दिवशी श्रोता कोण आहे, तो कोठे बसला आहे आणि त्याला काय ऐकावयाचे आहे, हे प्रक्षेपण करणाऱ्यांना आधीपासून पक्के ठाऊक होते. असा योग त्यानंतर नभोवाणीच्या वाट्याला फारसा आला नाही.

पत्र पाकिटावरच्या पत्त्यावर जाते, तार शिपाई दारात आणून देत असे, टेलिफोन तर नाव विचारल्यावाचून पुढे बोलतच नाही; बिनतारी लहर मात्र मनोऱ्यावरून एकदा सुटली म्हणजे दाही दिशांना पसरते, आणि कोणी तिला आपल्या संचात धरली तरी त्याची काहीएक खूण मनोऱ्यापाशी उमटत नाही. एकाने ऐकले काय आणि लाखांनी ऐकले काय, प्रक्षेपकाला वीज लागते ती तेवढीच. विहिरीतून घागर भरली तर पाणी घागरीपुरते तरी खाली जाते. येथे तेवढीही झीज नाही. या एका गुणामुळे सरकारदरबारी आणि व्यापारी पेढ्यांवर या यंत्राविषयी आरंभापासून एक प्रकारची अस्वस्थता राहत आली, आणि आपल्याकडील नभोवाणीचे शंभर वर्षांचे दप्तर चाळू लागले म्हणजे कार्यक्रमांच्या व कलावंतांच्या ठळक इतिहासाखाली, ऐकणाऱ्याची नोंद कशी ठेवावी या खटपटीचा दुसरा एक इतिहास वाचावयास मिळतो.

तारायंत्राचा मक्ता १८८५ च्या कायद्याने सरकारने आपल्याकडे घेतलेला होता आणि बिनतारी विद्याही त्याच कायद्याच्या पोटात घालण्यात आली होती, त्यामुळे १९२३ साली आधी मुंबईच्या आणि मागाहून कलकत्त्याच्या हौशी मंडळींनी रेडिओ क्लब काढून प्रक्षेपण सुरू केले ते सरकारच्या अनुज्ञेनेच. खरा व्यापार मांडला तो इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने. पंधरा लाखांचे भांडवल कागदावर दाखवून त्यांतले सहा लाखच वसूल झालेल्या या कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. महिन्याभराने कलकत्त्याचे केंद्र उघडले. दोन्ही ठिकाणचे प्रक्षेपक दीड-दीड किलोवॉटचे, म्हणजे तीसेक मैलांच्या पलीकडे भरवशाने ऐकू न येणारे. मिळकतीची व्यवस्था अशी की, ज्याच्या घरी संच असेल त्याने टपालकचेरीत वर्षाला दहा रुपये भरून परवाना घ्यावयाचा, त्यांतले आठ रुपये कंपनीला मिळावयाचे, आणि शिवाय आयात होणाऱ्या यंत्रांच्या किमतीवर कंपनीचा शेकडा दहा टक्के हक्क. १९२९ अखेर साऱ्या देशात परवाने पावणेआठ हजारांच्या आसपास होते. आठाने गुणून पाहावे: वर्षाकाठी बासष्ट हजार रुपये, आणि त्यात दोन केंद्रांचे गवई, वाजंत्री, यंत्रज्ञ व इमारती! दिवाळे निघण्यास यापरते कारण शोधावयास नको, आणि १ मार्च १९३० रोजी कंपनी मोडीत निघालीही. परंतु कंपनीच्या चालकांचे म्हणणे असे की संच पुष्कळ आहेत, परवाने तेवढे नाहीत. लोक फुकट ऐकतात. हे गाऱ्हाणे खरे असणारच, फक्त ते किती खरे हे सांगण्याचे साधन कोणापाशी नव्हते, कारण फुकट ऐकणारा खिडक्या लावून घेऊन स्वस्थ बसला म्हणजे तो आहे की नाही हे देवालाच ठाऊक.

सरकारने हा धंदा नाइलाजाने आपल्याकडे घेतला, १९३१ च्या ऑक्टोबरात तो बंद करण्याचा हुकूम काढला, ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात हुकूम मागे घेतला, आणि १९३२ च्या मे महिन्यात तो कायमचा चालविण्याचे ठरविले. त्याबरोबरच जे कंपनीला साधले नव्हते ते कायद्याने साधण्याची तजवीज झाली: १९३३ चा बिनतारी तारायंत्राचा कायदा १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला, आणि परवान्यावाचून नुसता संच जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. बंदुकीला परवाना आणि रेडिओलाही परवाना, ही तुलना त्या काळी कोणाला विचित्र वाटली नसावी. पुढे बीबीसीकडून आलेल्या लायोनेल फील्डेन या लहरी परंतु कल्पक गृहस्थाने ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ हे अवजड नाव बदलण्यासाठी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना बोलता बोलता अशा वळणावर आणले की ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव त्यांना आपल्यालाच सुचल्यासारखे वाटले, आणि १९३६ च्या जूनपासून ते रूढ झाले. ‘आकाशवाणी’ हे नाव मात्र सरकारी नव्हे. ते म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्वतःच्या घरी मांडलेल्या चिमुकल्या केंद्राचे. सरकारने ते जवळजवळ दोन तपांनी आपलेसे केले.

या सरकारी खात्यात माणसे मात्र काही अस्सल आली. मराठी नवकवितेचे प्रवर्तक बाळ सीताराम मर्ढेकर १९३८ पासून मृत्यूपर्यंत त्याच नोकरीत होते आणि ‘कर्ण’, ‘बदकांचे गुपित’ यांसारख्या संगीतिका त्यांनी नभोवाणीच्या गरजेतूनच लिहिल्या, ही गोष्ट त्यांच्या कवितेवर वाद घालणाऱ्यांच्या सहसा ध्यानी नसते.

१९३९ साली युद्ध जुंपताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द होऊन त्यांची यंत्रे सरकारजमा करण्याचे फर्मान सुटले. ऐकणाऱ्यांच्या नोंदीने ज्यांना आजवर चकविले होते त्यांना आता बोलणाऱ्यांची नोंद तरी पक्की आपल्या हाती आहे असे वाटत होते. तो भरवसा तीन वर्षांत फिटला. ‘भारत छोडो’च्या ठरावानंतर पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलपे बसली, आणि १९४२ च्या ऑगस्ट अखेरीस मुंबईकरांच्या संचांवर ४२.३४ मीटरवर एक नवा आवाज उमटू लागला: हा काँग्रेस रेडिओ, हिंदुस्थानात कोठूनतरी. विल्सन कॉलेजातून पदवी घेतलेली बावीस वर्षांची उषा मेहता, विठ्ठलदास व चंद्रकांत झवेरी, बाबुभाई, यंत्रसामग्री पुरविणारे शिकागो रेडिओचे नानक मोटवाने, आणि पाठीशी भूमिगत राममनोहर लोहिया, अशी ही मंडळी. यंत्र बांधून देणारा नरिमन प्रिंटर हा हौशी प्रक्षेपकांपैकीच एक. चौपाटीवरचे सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, वाळकेश्वरचे रतन महाल, गिरगावची पारेखवाडी, अशा एकामागून एक जागा बदलीत, काही दिवस येथे तर काही दिवस तेथे, भाड्याच्या खोलीत आजारी नातलग आहे किंवा नवे बिऱ्हाड लावले आहे अशा बतावण्यांखाली हे केंद्र फिरत राहिले, आणि पोलिसांच्या शोधक मोटारी लहरींच्या रोखाने मागोमाग फिरत राहिल्या. चंद्रपूर व वर्धा जिल्ह्यांतील चिमूर-आष्टीच्या दडपशाहीची हकीकत, जी छापावयाची प्राज्ञा वृत्तपत्रांत नव्हती, ती या केंद्रावरून सांगितली गेली.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी. बोलणाऱ्याचा पत्ता लहरीच देतात. दोन दिशांनी रोख घेतला की रेघा जेथे छेदतात तेथे तो सापडतो. ऐकणाऱ्याचा पत्ता मात्र कोणतीच मोटार काढू शकत नाही. फितुरीवाचून पोलिसांना किती काळ चकरा माराव्या लागल्या असत्या कोण जाणे. प्रिंटर पकडला गेला आणि त्याने जागा दाखविली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मीच्या देवळाजवळील पॅरडाइज बंगल्यावर दरवाजे फोडून झडती झाली तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी वाजत होती, असे उषाबेन पुढे सांगत. प्रिंटर माफीचा साक्षीदार झाला; विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले; उषाबेनना चार वर्षांची सजा होऊन येरवड्यास पाठविण्यात आले, आणि त्या सुटल्या १९४६ साली. खटल्यात बोललेला शब्द न् शब्द पुराव्यास आला, कारण पोलिसांनी तो टिपून ठेवला होता. परंतु त्या अडीच महिन्यांत कोणकोणत्या बिऱ्हाडांत दिवे मालवून तो शब्द ऐकला गेला, याविषयी एकही कागद दप्तरात नाही. इतिहासकार म्हणून मला त्याची हळहळ वाटते, आणि माणूस म्हणून समाधान.

स्वराज्य आले तेव्हा फाळणीनंतर आपल्या वाट्यास सहा केंद्रे व पावणेतीन लाख परवाने आले. १९४८ साली नागपूरचे आणि १९५३ च्या गांधीजयंतीस पुण्याचे केंद्र उघडले. आता श्रोत्याला काय हवे हे विचारण्याचा काळ आला असे कोणालाही वाटले असते. पण १९५२ साली नभोवाणी खात्याची सूत्रे घेतली ती बाळकृष्ण केसकर यांनी, आणि केसकरांना श्रोत्याला काय हवे यापेक्षा काय हवे असावयास पाहिजे याची चिंता अधिक होती. हा पुण्याचा विद्वान गृहस्थ अभिजात संगीताचा निष्ठावंत कैवारी. खाजगी मैफली आणि संस्थानिकांचा आश्रय मावळत असता गवयांना, वादकांना त्यांनी आकाशवाणीवर जो आसरा दिला त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चित्रपटगीतांविषयीचा त्यांचा तिटकारा एवढा की ती कमी करण्याच्या खटाटोपात निर्मात्यांशी बेबनाव होऊन ती आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली. पेटीलाही फील्डेनच्या अमदानीत झालेली बंदी पुढे चालूच होती. लोकांनी मोर्चा काढला नाही, अर्ज केला नाही. त्यांनी काटा फिरविला. युद्धकाळात लष्करासाठी उभारलेले जबर प्रक्षेपक सिलोनच्या हाती होते, आणि मुंबईत मुद्रित होऊन विमानाने कोलंबोस जाणारी ‘बिनाका गीतमाला’ १९५२ च्या डिसेंबरपासून दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींच्या तोंडून ऐकू येऊ लागली. दहांपैकी नऊ घरांत सिलोन लागते आणि दहाव्या घरातला संच नादुरुस्त आहे, असा एक विनोद त्या काळी प्रचलित होता.

आणि येथे व्यापाऱ्याने सरकारला जमले नव्हते ते करून दाखविले: श्रोत्याने आपली नोंद आपणहून करावी अशी युक्ती काढली. पत्र पाठवा, फर्माईश करा, बक्षीस मिळवा! पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे सयानी सांगत. ‘बिनाका’ दंतमंजनाच्या विक्रेत्याला याहून निराळी खानेसुमारी नको होती. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीने माघार घेतली. ती माघार होती असे कोणी म्हटले नाही एवढेच.

याच काळात पुण्याच्या केंद्राने दोन गोष्टी अशा केल्या की त्यांपुढे दिल्लीचे रुसवेफुगवे खुजे वाटावेत. एकीची ख्याती सर्वश्रुत आहे. सीताकांत लाड यांच्या प्रेरणेने १९५५ च्या रामनवमीस सुरू होऊन वर्षभर आठवड्यागणिक एक याप्रमाणे छप्पन गीतांनी पुरे झालेले गदिमा-बाबूजींचे ‘गीतरामायण’ मराठी घराघरांत पोचले, आणि त्या वेळी कित्येकांनी रेडिओला हार घातला असे जुनी माणसे सांगतात. दुसरी गोष्ट आज जवळपास विस्मृत झाली आहे, आणि मला विचाराल तर तिचे मोल कमी नाही.

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने शेतकऱ्यांच्या श्रोतेमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावी वीसेक माणसांचे मंडळ, त्याचा एक अध्यक्ष आणि एक कार्यवाह. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्धा तास खत, बियाणे, जनावरांची रोगराई, पाणी, सहकारी पेढी अशा विषयांवर मराठीतून कार्यक्रम होई. तो संपला की संच बंद करावयाचा आणि कंदिलाच्या उजेडात त्यावर बोलावयाचे, आणि काय बोलणे झाले ते कार्यवाहाने लिहून पुण्यास धाडावयाचे. तेथून आलेल्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. कॅनडातील शेतकऱ्यांच्या मंडळांवरून ही पद्धत घेतली होती, आणि तिचे फलित तपासण्याचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडून झाले. पॉल न्यूराथ हे त्याचे प्रमुख. न्यूराथ यांनी मंडळे असलेल्या गावांबरोबरच मंडळ नसलेली परंतु संच असलेली गावे आणि संचही नसलेली गावे ताडून पाहिली. निष्कर्ष असा निघाला की मंडळांच्या गावी माहितीत झालेली वाढ डोळ्यांत भरण्याजोगी होती, आणि नुसता संच असलेल्या गावी ती नाममात्र होती.

या निष्कर्षाने माझ्या विवेचनाला थोडा अडसर घातला आहे, हे मी कबूल करतो. अज्ञात श्रोत्याचा एवढा अभिमान बाळगावा, तर हा अज्ञात श्रोता संचापुढे बसून काही शिकलाच नाही असे ठरते. आणि ज्याचे नाव पटावर आहे, ज्याची शंका पुण्यास पोचते, तो शिकला. परंतु या नोंदीत आणि परवान्याच्या नोंदीत मोठे अंतर आहे. येथे गावाने आपले नाव आपल्या हाताने लिहिले होते, आणि त्याच्या बदल्यात त्याला केंद्राकडे उलट बोलण्याचा हक्क मिळाला होता. पुण्याच्या ग्रामीण कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकरांसारखा, माणदेशाची भाषा आईच्या तोंडून शिकलेला लेखक याच सुमारास येऊन बसला होता, हा योगही दुर्मिळच. १९५९ पासून ही योजना देशभर पसरली, आणि पसरताना पातळ झाली. मंडळांची संख्या तक्त्यांत वाढत गेली. गावोगावचे संच मात्र बॅटरीवाचून चावडीवर धूळ खात पडू लागले.

त्यानंतरची पंचवीस वर्षे झपाट्याने सांगता येतील. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ दिवाणखान्यातून बांधावर, बैलगाडीत, सलूनमध्ये गेला. परवाना घरापुरता असतो ही समजूत निकालात निघाली. आणीबाणीत लोकांनी सरकारी नभोवाणीला ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हटले आणि बातमीसाठी काटा लंडनकडे फिरविला. तो किती जणांनी फिरविला याची मोजदाद अर्थातच नाही. आमच्या घरी टपालकचेरीच्या शिक्क्यांची परवान्याची पुस्तिका सातबाराच्या उताऱ्यांबरोबर एका पत्र्याच्या डब्यात असे, आणि वडील दर वर्षी न चुकता पैसे भरीत. शेजारी भरीत नसत, आणि दोन्ही घरांत सकाळच्या मराठी बातम्या सारख्याच स्पष्ट येत. १९८० च्या दशकाच्या मध्यास परवान्याची ही पद्धतच रद्द झाली तेव्हा डब्यातली पुस्तिका तशीच राहिली.

लहरींची मालकी कोणाची, हा प्रश्न न्यायासनापुढे आला तो क्रिकेटच्या निमित्ताने. १९९३ च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून झालेल्या वादात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते त्याने, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी खाजगी एफएम वाहिन्या आल्या. लिलावात जबर बोली लावून आल्यामुळे त्या गाऊ लागल्या, हसवू लागल्या. बातम्या मात्र त्यांना आजही आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा, द्याव्या लागतात. १८८५ चा आणि १९३३ चा असे दोन्ही कायदे मोडीत काढणारा दूरसंचार कायदा २०२३ साली संसदेने केला. मक्ता शब्द गेला, अधिकारपत्र शब्द आला.

पुढे काय, याविषयी बोलताना दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण बंद करून त्या डिजिटल पद्धतीवर नेल्या. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीने २०२४ अखेर तेच केले. आपल्या आकाशवाणीनेही तीसहून अधिक मध्यमलहरी प्रक्षेपकांना डिजिटल साज चढविला आहे. परंतु ते धरू शकणारे संच घरोघरी नाहीत, आणि प्रक्षेपक आधी व श्रोता मागाहून ही १९२७ ची चूक आपण पुनश्च मोठ्या भांडवलावर करीत आहो असे वाटल्यावाचून राहत नाही. तरी या पद्धतीत लहर ती लहरच राहते. सुटली की सुटली, कोणी धरली ते मनोऱ्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट इंटरनेटवरून ऐकण्याची, आणि तिचा स्वभाव अगदी उलटा आहे. न्यू जर्सीत बसलेला मराठी माणूस पुण्याचे केंद्र फोनवर लावतो तेव्हा पुण्याचा आवाज त्याच्याकडे जातो तो पाकिटातल्या पत्रासारखा, पत्ता घालून. शेजारच्याने लावले तर दुसरे पाकीट, दुसरा पत्ता. ऐकणारे वाढले की खर्च वाढतो, आणि कोणी, केव्हा, किती मिनिटे ऐकले आणि कोठे कंटाळून सोडून दिले, ही सारी नोंद कोणी हुकूम न काढता, शिक्का न मारता आपोआप होत राहते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या हिशेबनिसाने हे स्वप्नातही पाहिले नसेल, आणि १९४२ च्या मुंबईतील फौजदाराने पाहिले असते तर हर्षाने टाळी पिटली असती. २०२३ साली सरकारने मोबाइल बनविणाऱ्यांना फोनमधील एफएम ग्राहक बंद ठेवू नका अशी सूचना केली, ती आपत्काळात जाळे कोलमडले तरी आवाज पोचावा म्हणून; नोंद न होता ऐकण्याचा तिचा दुसरा उपयोग सूचना काढणाऱ्यांच्या मनात नसेलही.

उत्तर साताऱ्यातील ज्या मुलखात १९५६ साली कंदिलाच्या उजेडात श्रोतेमंडळे भरत, त्याच माण तालुक्यात, माणगंगेच्या काठी म्हसवड येथे २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक केंद्र चालते. अशा केंद्रांना पन्नास वॉटचा प्रक्षेपक मिळतो. दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे त्याची मजल नाही. बातम्या सांगावयाच्या त्या आकाशवाणीच्याच. बोलणारी माणसे मात्र तेथलीच, बोली तेथली, विषय छावणीचे, चाऱ्याचे, बचतगटाच्या हप्त्याचे. अशा केंद्रांवर कार्यक्रमाच्या अखेरीस दूरध्वनीचा क्रमांक सांगतात. ज्याला काही विचारावयाचे असते तो नाव-गाव सांगून विचारतो. आणि ज्याला नसते तो मेंढरांमागे चालता चालता कानाशी धरलेला आवाज थोडा वाढवितो, आणि टेकाडाआड जातो.